हात चालू, कान बंद

चाची, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहिण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न पेन हातात घेतल्यापासून सुटलेला नाही. मी तुमच्या घरातला नाही, मोहल्ल्यातला नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कागदावर सहीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. त्यामुळे गेलेल्या माणसाशी लिहून कसं बोलतात, तेही मला माहीत नाही. आणि सगळ्यात अवघड गोष्ट अशी, की ज्या बाईनं आपल्या बूथमधलं एक वाक्य कधी उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही, तिचीच वाक्यं मी चार लोकांसमोर मांडायला बसलो आहे. तुम्ही असतात तर चष्म्यावरून बघून म्हणाला असतात, "एवढं शिकून हेच केलंस?"

तुम्ही गेल्याचं शबनमनं कळवलं. कोल्हापूरला आमच्या हॉस्टेलच्या ऑफिसात फोन आला, मला वरून बोलावलं, आणि मी धावत खाली येईपर्यंत ती बिचारी रिसीव्हर धरून उभी होती. "अम्मी गेली," एवढंच म्हणाली. मग तिनं विचारलं, "जेवलास का?" हा प्रश्न तुमचा होता, चाची. तिच्या तोंडून तो आला तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

मिरकरवाडा बंदराच्या उतारावर बर्फाच्या गाड्या वळतात, तिथं तुमचा एसटीडी बूथ. पिवळी पाटी, प्लायवूड आणि काचेची केबिन, आणि खाऱ्या हवेनं फुगलेलं तिचं दार. ते दार कधी पूर्ण लागलं नाही. सुताराला दोनदा बोलावलंत, त्यानं रंधा मारला, तरी पावसाळ्यात ते पुन्हा फुगायचं. त्यामुळे आत कुणी कुवेतशी बोलत असो की दमामशी, सगळं बाहेर ऐकू यायचं. त्यातून बोलणाऱ्यांना वाटायचं, गाव जितकं लांब तितका आवाज मोठा पाहिजे. आणि केबिनच्या बाहेर, टेबलाशी, तुम्ही मान खाली घालून शाईनं चित्रकलेची वही भरत असायचात.

मी पहिल्यांदा आलो तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. आमचं गाव लांज्याच्याही आत. घरी फोन नाही, बाबा मुंबईला एका केटररच्या भटारखान्यात कामाला. त्यांच्याबरोबरचा एक माणूस मिरकरवाड्याचा, त्यानं तुमच्या बूथचा नंबर दिला होता. बाबा चाळीखालच्या वाण्याच्या दुकानातून रविवारी सकाळी फोन करणार आणि मी तो घ्यायला तुमच्याकडे येऊन बसणार, असं ठरलं. मी दारातच उभा राहिलो.

"कुणाचा फोन?" तुम्ही मान वर न करता विचारलंत.

"बाबांचा. मुंबईहून येणार आहे."

"कवा?"

"दहाला म्हणाले."

"मुंबईचं दहा म्हंजे आपलं साडेदहा. बस इतं. उभा काय ऱ्हायलास, तलाठी असल्यासारखा?"

मी बसलो. बसून काय करायचं ते कळेना, म्हणून बोटं मोडायला लागलो. ती माझी जुनी खोड. तुम्ही थोडा वेळ सहन केलंत. मग वही माझ्याकडे सरकवलीत, पानाच्या कोपऱ्यातला एक रिकामा तुकडा बोटानं दाखवलात आणि दुसरं पेन पुढं केलंत. "हे भर. बोटं मोडू नको, मना कसंतरी होतं."

"काय काढू?"

"ते ठरवायचं नाय. ठरवायला लागलास की कान उघडे ऱ्हातात."

मला तेव्हा यातलं काही कळलं नाही. सगळं पान आधी पेन्सिलीच्या वेड्यावाकड्या रेघेनं तुकड्या-तुकड्यांत वाटलेलं होतं. मला ते आमच्या भातशेतीच्या बांधांसारखं दिसलं. प्रत्येक तुकड्यात वेगळी नक्षी होती. एकात माशाचे खवले, एकात जाळ्याची वीण, एकात टोपलीची, एकात नुसत्या लाटा, एकामागून एक, सगळ्या सारख्या आणि तरी कुठलीही दुसरीसारखी नाही. मी घाबरत घाबरत चिऱ्याची भिंत काढली. सरळ रेघांशिवाय मला काही येत नव्हतं. तुम्ही वाकून बघितलंत. "भिंत बरी हाय. पण एखादी खिडकी ठेव, गुदमरायला होतंय."

त्या दिवशी बाबांचा फोन खरोखरच साडेदहाला आला. अडीनडीला लागेल म्हणून वाण्याचा नंबर तुम्ही तेव्हाच लिहून घेतलात.

हळूहळू तुमची रीत समजली. बूथ सुरू झाला तेव्हाची गोष्ट तुम्ही एकदा सांगितलीत. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आळीतली एक नवी सून आत नवऱ्याशी बोलताना रडली. काय बोलली ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. एवढंच सांगितलंत, की दुसऱ्या दिवशी बाजारात तिची सासू भेटली आणि तुम्हाला तिच्या डोळ्याला डोळा देता येईना. "दुसऱ्याचं बोलणं ठेवायला पोटात जागा लागते. माझं पोट लहान," तुम्ही म्हणालात. मग तुम्ही कुणी आत गेलं की बिलाच्या पाठीवर रेघोट्या ओढायला लागलात. रेघेवरून रेघ, गोलात गोल. हाताला एकसारखं काम लावलं की कान आपोआप मिटतात, हे तुम्हाला असं सापडलं. बिलाचे कागद पुरेनात तेव्हा शबनमची शाळेतली चित्रकलेची वही घेतलीत. हात चालू, कान बंद. माणूस केबिनमधून बाहेर आलं की पेन थांबायचं, टोपण लागायचं, आणि तुम्ही विचारायचात, "झालं बोलून?" जणू तुम्ही आत्ताच कुठूनतरी परत आला आहात.

याचा त्रास फक्त खैरूनमावशीला व्हायचा. ती मासळी विकून परतताना पाटी पायरीवर टेकवायची आणि आवाज खाली आणायची.

"काय गं, सलमाचा नवरा काय बोलला? येतोय की नाय ईदीला?"

"मना काय म्हाईत? मी खवले भरत होते."

"एवढा वेळ?"

"मासा मोठा होता."

खैरूनमावशी चिडून पाटी उचलायची. "तुझ्या माशाला काटं नाय मेलं काय," म्हणत उतार उतरायची. आणि पुढच्या खेपेला परत विचारायची.

एकदा मी फार हुशारी करून म्हणालो, "चाची, हे म्हणजे तुमच्या तस्बीहसारखंच आहे, नाही? एकेक मणी, तशी एकेक रेघ." तुम्ही पेन खाली ठेवलंत. "नाय. ती वेगळी. ती मी कुणाला तरी ऐकू जावं म्हणून ओढते. हे मना कुणाचं ऐकू येऊ नये म्हणून." मग माझा चेहरा पडलेला बघून म्हणालात, "पण तुझी भिंत पुढं सरकव. बोलता बोलता थांबलास."

रंगाचं भांडण आपलं त्याच वर्षी सुरू झालं आणि ते कधी मिटलं नाही. दुपारी बूथ रिकामा असायचा, तेव्हा तुम्ही शबनमची रंगपेटी काढायचात, बशीत पाणी घ्यायचात आणि सकाळी शाईनं भरलेल्या तुकड्यांत रंग सोडायचात. शाई कसली, तर आम्ही परीक्षेला वापरतो तीच. ब्रश लागला की ती पाण्याबरोबर धावत सुटायची. हिरवा गढूळ व्हायचा, पिवळा काळवंडायचा, खवल्यांच्या कडा ओहोटीच्या वेळच्या खाडीसारख्या पसरायच्या. पाण्याला न हलणारी शाई बाजारात मिळते, हे आपल्या दोघांनाही माहीत नव्हतं. मी म्हणायचो, आधी रंग द्या, वाळू द्या, मग वरून शाई घ्या. सरळ हिशेबाची गोष्ट.

"आधी घर बांधतात की आधी माणसं आणून बसवतात?" तुम्ही विचारायचात.

"पण घर वाहून जातंय, चाची."

"जाऊदे थोडं. कोकणात कुठलं घर गळत नाय?"

मी बशीतलं पाणी बदलून आणायचो.

दुसरं भांडण ऐकण्याचं. मला ते खरंच वाटायचं नाही. एकदा पावसाळ्यात बूथमध्ये आपण दोघंच होतो, तेव्हा मी धीर करून विचारलं, "चाची, खरं सांगा. ऐकू येतंच ना सगळं?"

तुम्ही बाहेरच्या कौलांकडे हनुवटी केलीत. "पाऊस ऐकू येतोय?"

"येतोय."

"मी विचारेपर्यंत ऐकत होतास?"

मी माझ्या चिऱ्यांकडे वळलो. पण मनातून हरलो नव्हतो. दर रविवारी मी केबिनमधून बाबांशी बोलताना काचेतून तुमच्या पेनाकडे बघायचो. ते चालूच असायचं. बाबांना काय आवडतं, काय दुखतं, आईचा निरोप, माझ्या खोलीतल्या मुलांची भांडणं, सगळं मी त्या न लागणाऱ्या दारामागून मोकळेपणानं बोलायचो. खोलीवर चार मुलं असताना मला जे बोलता यायचं नाही, ते तुमच्या बूथमध्ये यायचं. ते तुमच्या चालत्या पेनामुळे, हे तेव्हा मला कळत नव्हतं.

आणि मग दुसऱ्या वर्षाचा तो रविवार.

वाण्याच्या दुकानातल्या गडबडीत बाबा नेहमी ओरडूनच बोलायचे, रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागायचा; त्या दिवशी मात्र ते उगीच इकडचं तिकडचं बोलले नाहीत. म्हणाले, भटारखान्याच्या मालकानं नवीन गाडी घेतली आहे, जेवणाचे डबे पोचवायला ओळखीतलं माणूस पाहिजे, मी तुझं नाव सांगितलंय. लगेच निघून ये. परीक्षेचं काय, असं मी विचारलं नाही. बाबांची पाठ भट्टीपुढं उभं राहून गेलेली, हे मला माहीत होतं. आमच्या घरातला एक माणूस कॉलेजात दुसऱ्या वर्षापर्यंत पोचला, एवढंही पुष्कळ होतं. मी म्हणालो, "बरं." ते म्हणाले, "नक्की ना?" मी पुन्हा म्हणालो, "बरं." आणि फोन ठेवला.

बाहेर आलो तर तुम्ही मान वर केली नाहीत. "झालं बोलून?" हेसुद्धा विचारलं नाहीत. पेनाचं टोक पानावर टेकलेलं होतं आणि त्याखाली शाईचा डाग पसरत चालला होता, रुपयाएवढा. मीच म्हणालो, "चाची, शाई." तुम्ही दचकून पेन उचललंत. "निब खराब झाली मेली," म्हणालात आणि टिपकागद शोधायला लागलात. मग म्हणालात, "भिंत अर्धी ऱ्हायलीय तुझी." मी म्हणालो, "आज नको." तुम्ही आग्रह केला नाहीत.

चाची, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी उतार चढून वर जाताना मला तुमचा राग आला होता. बाबांचा नाही, तुमचा. मला वाटलं होतं, निदान आजच्या दिवस तुम्ही नियम मोडून विचाराल, काय रे, काय झालं? तुमच्या पुढ्यात एक मुलगा शिक्षण सोडून चालला होता आणि तुम्ही टिपकागद शोधत होतात. मला पहिल्यांदा तुमची ती नक्षी निष्ठुर वाटली. खोलीवर जाऊन मी पिशवी भरली. पुस्तकं मित्राला दिली. बाबांनी रविवारी गाडीचा दिवस सांगतो म्हटलं होतं, म्हणून तेवढा थांबलो.

पुढच्या रविवारी बाबा म्हणाले, "ती जागा भरली रे. दुसराच कोन घेतला. तू परीक्षा दे आता." आवाज नेहमीसारखाच. मी बाहेर आलो, तुमचं पेन चालू होतं. "झालं बोलून?" तुम्ही विचारलंत. मी हो म्हणालो आणि खाली बसून राहिलेली भिंत पुरी केली. खिडकीसकट. तुम्ही त्या डागाभोवती गोल गोल रेघा घेतल्या होत्यात, विहिरीत दगड पडल्यावर उठतात तशा, अगदी पानाच्या कडेपर्यंत.

मी बी.ए. झालो तेव्हा तुम्ही पेढे घ्यायच्या आधी विचारलंत, "पुढं काय?" मी चाचरत म्हणालो, एम.ए. करावं म्हणतो. तुम्ही खैरूनमावशीला हाक मारून सांगितलंत, "हा आता कोल्हापूरला चाल्ला. माझी भिंत कोण बांधणार?" खैरूनमावशी म्हणाली, "बाहेरची बातमी बरी सांगता येते तुला."

कोल्हापुरात मला इंजिनियरिंगच्या मुलांकडे ती शाई दिसली, पाण्याला न हलणारी. दिवाळीला येताना बाटली घेऊन आलो. वाटलं, आपलं भांडण मिटलं. तुम्ही एक तुकडा भरलात, वाळू दिलात, वरून रंग सोडलात. रेघ जागची हलली नाही. मी विजयी चेहऱ्यानं बघत होतो. तुम्ही बराच वेळ पान लांब धरून बघितलंत. "चांगली हाय," म्हणालात. "पण हिला पाण्याची काही पडलेली दिसत नाय." आणि उरलेल्या पानासाठी पुन्हा जुनीच बाटली उघडलीत.

शेवटचे आपण भेटलो ते मे महिन्यात. तोपर्यंत पोरांच्या खिशात मोबाईल आले होते. बूथमधली बाकं रिकामी होती. वही टेबलावर होती, पण अर्धं पान कोरं. मी म्हटलं, हे का थांबलं? तुम्ही म्हणालात, "बोलायला कोण येतंय? आता ज्याची त्याची केबिन ज्याच्या त्याच्या खिशात." मी म्हटलं, मग स्वतःसाठी काढा, आता तर शांतता आहे. तुम्ही मान हलवलीत. "शांततेत हात चालत नाय माझा. कुणीतरी बोलत असलं पाहिजे, आणि ते आपण ऐकता कामा नये." मी वाद घातला. म्हणालो, एवढ्या वर्षांची सवय आहे, नक्षी सुंदर होते, ती कशाला कुणाच्या बोलण्यावर अवलंबून? तुम्ही म्हणालात, "पावसाळ्यात ये, मग बोलू." मी पावसाळ्यात आलो नाही, परीक्षा होती. तो वाद तिथंच राहिला.

दफन होऊन गेल्यावर पोचलो मी. शबनमनं बूथ उघडून मला आत बसवलं. चहा दिला. वह्या तिच्याकडेच आहेत, ते बरं झालं. आम्ही दोघांनी पानं उलटली. कुठे माझी भिंत, कुठे तुमचे खवले, कुठे दोघांमध्ये धावत गेलेला निळसर हिरवा. तिला डाग पडलेलं पान माहीत होतं, कारण तो डाग खालच्या कितीतरी पानांवर उतरला होता. "कुणी बोलत असताना अम्मीचं पेन कवा थांबायचं नाय," ती म्हणाली. "इतंच कसं थांबलं काय म्हाईत." मी म्हणालो, निब खराब झाली होती. तुम्ही तसंच सांगितलं होतंत.

चाची, मी तुमचे आभार मानायला बसलो होतो ते एका सवयीबद्दल. मला अजून कोल्हापुरात झोप येत नाही तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर तुकडे पाडतो आणि चिरे रचत बसतो. हे तुम्ही मला दिलंत. तेवढंच लिहून थांबणार होतो. त्या एका रविवारचा राग मात्र लिहायचा नाही, असं ठरवलं होतं. गेलेल्या माणसावर कसला राग धरायचा.

पण काल रविवार होता. बाबांचा फोन आता हॉस्टेलच्या ऑफिसात येतो. मी त्यांना सांगितलं, "बाबा, बूथवाल्या चाची गेल्या."

पलीकडे वाण्याच्या दुकानातली गडबड ऐकू येत होती.

"मी तिला कवा बगितली नाय," ते म्हणाले. "नुसता आवाज. 'थांबा, येतोय तो,' असं म्हनायची." मग म्हणाले, "बाला, आता सांगायला हरकत नाय. तुला ये म्हटलं होतं ना गाडीवर, त्या दिवशी सांजच्याला वाण्याकडं तिचा फोन आला. मना खाली बोलावून घेतलंन."

"चाचींचा?"

"हां. म्हनाली, तुमचा पोरगा बरं म्हनाला, ते बरं नव्हतं. मी इतं बसून रोज बायकांची बरं ऐकते, मना त्यातलं खरं कुठलं ते कळतं. मी बोललो, बाय, हा माझ्या घरातला विषय हाय. तर म्हनाली, हाय ना, म्हनूनच मी कवा तोंड उघडत नाय. आज उघडलं. त्याची परीक्षा होऊदे."

"पण जागा तर भरली होती."

"कुठली भरली? कितीतरी दिवस मोकळी होती. जागा भरली असं सांगा, हे पन तिनंच शिकवलंन."

मी विचारलं, मग एवढी वर्षं मला का नाही सांगितलंत?

"शब्द घेतला होतान माझ्याकडून," बाबा म्हणाले. "म्हनाली, मी ऐकते हे पोराला कळलं, तर तो इतं मोकळेपणी बोलायचा नाय. त्याला कळलं की सगळ्यांना कळंल. आनि मंग ह्या बायकांनी बोलायचं कुठं?"